दोन-दहाचा हात

जुन्नरच्या जुन्या पेठेत भांड्यांच्या दुकानांना लागून एक बोळ आत जातो. त्या बोळात शफीभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. पाटीवर नाव शफीभाईंचं, गल्ल्यावर बसतात शफीभाई, गिऱ्हाइकाशी तासतासभर गप्पा मारतात तेही शफीभाईच. पण दुकान कुणाचं असं पेठेत विचारलं, तर कुणीही सांगेल, आमिनाभाभीचं. शफीभाईंना त्याचं काही वाटत नाही. नवीन बाई दुकानात आली की ते स्टूल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बसा जरा. तुमची भाभी नमाज पढून येईलच. हात तीच बघती. मी बघायला लागलो तर मला घरात ठेवायची न्हाई." हा विनोद ते तीस वर्षं करत आलेत, आणि तीस वर्षं स्वतःच आधी हसत आलेत.

आमिनाभाभी सत्तावन्न वर्षांची. ठेंगणी, अंगानं भरलेली, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेला. गुडघ्यांनी अलीकडे असहकार पुकारलाय, त्यामुळे जिना उतरताना ती एकेका पायरीला नावं ठेवत उतरते. पण एकदा खाली येऊन समोरच्या बाईचा हात हातात घेतला, की तिचा चेहराच बदलतो. बोटं एकत्र मिटवून, अंगठा आत दाबून, ती हाताची रुंदी नुसती चाचपते आणि माप सांगते. दोन-चार. दोन-सहा. म्हणजे दोन इंच आणि वर चार भाग, किंवा सहा भाग. बांगडीच्या धंद्यात इंचाचे सोळा भाग करतात, जुन्या रुपयाच्या सोळा आण्यांसारखे. नाजूक मुलीचा हात दोन-दोनचा, शेतात राबलेल्या रुंद पंजाच्या बाईचा दोन-दहाचा. खोक्यांवर हेच माप मधे टिंब देऊन छापलेलं असतं, २.४, २.६, २.८, २.१०.

माप काढणं तसं कुणालाही येतं. आमिनाभाभीचं नाव झालं ते वेगळ्या गोष्टीसाठी. तिनं एकदा धरलेला हात ती विसरायची नाही. नावं विसरायची, चेहऱ्यांची गल्लत करायची, पण हात पक्का. पाच वर्षांनी माहेरी आलेली मुलगी दुकानात शिरली तर भाभी नावाच्या भानगडीत न पडता म्हणायची, "तू ती डाव्या अंगठ्याची ना? आण इकडं, हळू भरते." जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून साठ-सत्तर घरं तिची बांधलेली होती. लग्न असो, डोहाळजेवण असो, त्या घरी बांगड्या भरायला दुसरं कुणी जायचं नाही. आधी तिची सासू जायची, मग ती. आणि या घरांत माप विचारायची किंवा हात चाचपून बघायची पद्धत नव्हती, हात धरला की सरळ बांगडी चढवायची. सासूनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "घरच्या बाईला माप विचारणं म्हंजे तुझी माझी वळख न्हाई, असं सांगणं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर राजुरीला एका घरी डोहाळजेवण होतं. तिथे आमिनाभाभीनं धाकट्या जावेच्या हातात थोरलीच्या मापाची बांगडी चढवायला घेतली. धाकटीचा हात दोन-सहाचा, बांगडी दोन-चारची. अंगठ्याच्या हाडावर बांगडी कट्कन गेली आणि मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला. बांगडी फुटली असं कुणी म्हणालं नाही, अशा वेळी वाढली म्हणतात. हळद लावली, चहा दिला. पण त्या घरच्या सासूबाईंनी जाताना हळूच विचारलं, "भाभी, डोळं तपासून घेतलं का?" एसटीत बसल्यावर आमिनाभाभीला जे रडू आलं ते डोळ्यांमुळे नव्हतं. डोळे लख्ख होते. तो हात हातात धरलेला असताना तिला तो आठवला नव्हता. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

आणि मग ते होत राहिलं. गुडघे दाखवायचं निमित्त करून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, रक्त तपासलं आणि सांगितलं की वयाप्रमाणे थोडंफार व्हायचंच, घाबरू नका, लिहून ठेवत जा. लिहून ठेवत जा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं. बाई हात पुढे करणार आणि आमिनाभाभी पिशवीतून वही काढून पानं चाळणार? वही निघाली की अंगणातल्या सगळ्या बायकांना कळणार, भाभी विसरली. मोबाइलचं मात्र तसं नाही. बोलता बोलता मोबाइलात डोकावत नाही अशी बाई आता दोन तालुक्यांत उरली नसेल. त्याचं कुणाला काही वाटतही नाही. मोबाइलात गावाचं नाव दाबलं की त्या गावातली आपली घरं निघावीत, घर दाबलं की बायका, आणि बाईच्या नावापुढे माप. डोळ्याची पापणी लवायच्या आत. असं काहीतरी आपल्याजवळ पाहिजे, हे आमिनाभाभीनं ठरवलं. आणि त्यातलं एक अक्षर घरात कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवलं.

तिची मुलगी आरफा पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करायची. माडीवरच्या खोलीत दिवसभर कानाला हेडफोन. एका दुपारी आमिनाभाभी एकेका पायरीला नावं ठेवत वर गेली आणि म्हणाली, "मला ॲप बनवायला शिकव."

आरफानं हेडफोन काढला. "काय?"

"ॲप. मोबाइलातलं. गुडघ्यांनी बसवून ठिवलंय मला. बसून करायचं कायतरी पाहिजे का न्हाई?"

"कसलं पाहिजे ते सांग. मी संध्याकाळपर्यंत करून देते."

"मला आयतं नको."

आरफाला वाटलं, आठ दिवसांचं खूळ आहे. तिनं कपाटातून आपला कॉलेजातला लॅपटॉप काढून दिला. त्याच्या किबोर्डवरचं एक बटण उडालेलं होतं आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. तिनं अम्मीला समजावलं की ॲप बनवायचं तर आधी सामान बसवावं लागतं. लिहायची जागा म्हणजे एडिटर. मग एसडीके, ती हत्यारांची पेटी. आणि लिहिलेलं तपासायला एक खोटा फोन, तो लॅपटॉपच्या पडद्यावरच दिसतो. हत्यारांची पेटी म्हटल्यावर आमिनाभाभीनं समजून मान हलवली. पेटीशिवाय तीही कुठे जात नव्हती.

पेटी उतरवून घ्यायला दीड दिवस लागला. आधी लॅपटॉप म्हणाला जागा नाही. जागा कशानं अडली आहे ते पाहिलं, तर शफीभाईंच्या भाच्याच्या निकाहचा व्हिडिओ, अडीच तासांचा, आणि त्यातली चाळीस मिनिटं शफीभाई पाहुण्यांना जेवायला बसवत हिंडत होते. तो पेनड्राइव्हवर हलवण्यावरून खाली दुकानात बरीच बोलाचाली झाली. मग डाउनलोड सुरू झालं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती आणि आमिनाभाभी चुलीवर दूध ठेवल्यासारखी तिच्यासमोर बसून होती. आरफानं सांगितलं, अम्मी, बघत बसलीस म्हणून ते लवकर येत नाही. "आणि उतू गेलं तर?" भाभीनं विचारलं. पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर असताना लाइट गेली. परत पहिल्यापासून.

खोटा फोन त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपेना. म्हणून खरा फोन जोडायचा ठरला, आणि त्यासाठी फोनला सांगावं लागतं की आपण साधे वापरणारे नाही, बनवणारे आहोत. आरफानं सेटिंग्जमधे खोल कुठेतरी नेऊन एक ओळ दाखवली आणि म्हणाली, यावर सात वेळा बोट टेकव. आमिनाभाभीला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. तरी तिनं मोजून सात वेळा बोट टेकवलं. फोनवर अक्षरं उमटली, तुम्ही आता डेव्हलपर आहात.

ती गुडघे विसरून खाली दुकानात गेली. शफीभाईंनी चष्मा लावून ते वाचलं, मग समोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग डेव्हलपर बाई, चहा टाकणार का आता?"

"चहा तुमी टाका," आमिनाभाभी म्हणाली. त्या दिवशी खरोखरच शफीभाईंनी चहा केला. साखर जास्त पडली होती, पण तिनं नाव ठेवलं नाही.

पहिलं ॲप म्हणजे नुसता एक कोरा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन शब्द. आरफानं दाखवलं, हे शब्द इथे लिहिलेत, तुला हवे ते घाल. आमिनाभाभीनं एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, अस्सलाम आलैकुम. हिरवा त्रिकोण दाबला. लॅपटॉप बराच वेळ गुरगुरला आणि मग तिच्या फोनवर, तिच्या त्या बांगड्यांनी ओरखडे पडलेल्या फोनवर, तिनं लिहिलेला सलाम आला. आमिनाभाभीनं न राहवून त्याला व आलैकुम अस्सलाम म्हटलं. तिला इतका आनंद झाला की राजुरीपासून छातीवर बसलेलं ओझं त्या दुपारी तरी उतरलं.

मग खरी परीक्षा सुरू झाली. दुपारी दोन ते चार पेठ झोपलेली असते, तेवढ्या वेळात ती लॅपटॉप उघडायची. दहावीचं इंग्रजी चाळीस वर्षांनी बाहेर काढून एकेक शब्द लावायची. एक कंस राहिला की पडदा लालभडक व्हायचा. आरफानं नियम घालून दिला होता, हाक मारायच्या आधी लाल ओळ मोठ्यानं वाचायची. त्यामुळे माडीवरून दुपारभर आमिनाभाभीचा आवाज यायचा, एक्स्पेक्टिंग, एक्स्पेक्टिंग, आणि खाली शफीभाई गिऱ्हाइकाला सांगायचे की वर अभ्यास चालू आहे. पहिल्या आठवड्यात तिनं आरफाला दिवसातून वीसदा उठवलं. महिन्यानं दोनदा. दोन महिन्यांनी आरफाच आपणहून डोकावून जायला लागली, कारण हाक येत नव्हती.

ॲप झालं. गाव, घर, बाई, माप आणि मापापुढे दोन शब्द लिहायला जागा. शिवाय भाभीनं स्वतःच्या डोक्यानं एक जादा पडदा केला. गाव निवडलं की कुठल्या मापाच्या किती बायका आहेत याची बेरीज निघायची, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. म्हणजे जाताना पेटीत कुठले खोके घ्यायचे ते कळावं. लिहिताना ॲप विचारतं, ही गोष्ट अक्षरांची की आकड्याची? नाव अक्षरांचं. गाव अक्षरांचं. माप? माप आकडाच की. सगळी हयात खोक्यांवर आकडे बघण्यात गेली होती. तिनं आकडा लिहिलं. चूक इथेच झाली, पण ती कळायला शिनोली यायची होती.

नावं भरायचं काम तिनं आरफा मीटिंगमधे असताना केलं. डोळे मिटायचे आणि एखाद्या घराच्या अंगणात जाऊन बसायचं. इथे थोरली बसते, तिथे खांबाला टेकून तिची नणंद. मग हात यायचे, एकामागून एक. कित्येक आले, आणि आले की तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. काही आले नाहीत. घर दिसायचं, बाई दिसायची, बाईची तोडे घातलेली आईसुद्धा दिसायची, आणि हाताच्या जागी काही नाही. अशा नावांपुढची जागा ती रिकामी ठेवायची आणि जरा वेळ खिडकीतून शिवनेरीकडे बघत बसायची.

वैशाखात शिनोलीहून फोन आला. प्रयागबाईंचा. भीमाशंकरच्या रस्त्यावर शिनोलीत त्यांचं मोठं खटलं आहे. त्या ऐंशीच्या घरात, मालक सावळाराम अजून स्वतःच्या पायानं शेतावर जाणारे. आमिनाभाभीच्या सासूनं प्रयागबाईंच्या लग्नाचा चुडा भरला होता, आणि नंतर त्या घरच्या सगळ्या लेकीसुनांचा भाभीनं.

"आमिना, आमच्या नातीचं, श्रेयाचं जमलं बघ," फोनवर प्रयागबाई म्हणाल्या. "आठ तारखंला चुडा. तूच ये बरं का, दुसऱ्या कुणाला धाडू नको."

"मावशी, मी न्हाई तर कोण येनार?" आमिनाभाभी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मनाशी ठरवून टाकलं. शिनोलीला राजुरीसारखं झालं, तर पेटी खाली ठेवायची. घरोघर जाणं बंद. लोकांनी कुजबुजत आपल्याला सोडण्यापेक्षा आपणच थांबलेलं बरं. हे ठरवताना तिला फार वाईट वाटलं, कारण त्या अंगणांशिवाय तिला दुसरं जग नव्हतं.

आठ तारखेला सकाळी तिनं ॲपवर शिनोली दाबलं. बेरजेचा पडदा आला. सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, २.१, बायका तीन. मग २.२, मग २.४, असं खाली. २.१ असलं माप धंद्यात नाही. एरवी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. पण आताशा तिचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा उरला नव्हता. तिला वाटलं, आपणच काहीतरी विसरलो. सगळ्यांत वर आहे म्हणजे सगळ्यांत लहान, म्हणजे घरातल्या चिमुरड्या पोरी असणार. तिनं पोरींच्या दोन-शून्यच्या बांगड्या जास्तीच्या घेतल्या. दोन-दहाचं नाव यादीत कुठेच नव्हतं, तेव्हा ते जड खोकं घरी राहिलं. गुडघ्यांना तेवढाच आराम. शफीभाईंनी पेटी स्टँडवर आणून एसटीत चढवून दिली.

शिनोलीला अंगणात मांडव पडला होता. श्रेया पाटावर बसली. तिचा हात दोन-चारचा, मऊ, हिरव्या बांगड्या एकामागून एक अशा चढल्या की पोरीला कळलंही नाही. बायकांनी भाभीच्या हाताचं कौतुक केलं. नवरीनंतर मानाचा हात घरातल्या थोरल्या बाईचा. तो भरल्याशिवाय बाकीच्या कुणी हात पुढे करत नाहीत. प्रयागबाई खाली बसल्या, पदर सावरला आणि हात पुढे केला.

आमिनाभाभीनं सवयीनं मोबाइल बघितला. शिनोली, घर, प्रयागबाई. माप २.१.

मग तिच्या लक्षात आलं. तिनं दोन-दहा लिहिलं होतं, आणि मोबाइलनं त्याचं भलतंच करून ठेवलं होतं. चिमुरड्या पोरी कुठल्या, त्या तीन ओळी म्हणजे या घरच्या तीन दांडग्या हाताच्या बायका होत्या. पेटीत दोन-दहाची एक बांगडी नव्हती. ज्या घरात तिला चुकायचं नव्हतं, त्या घरात, मानाच्या हाताला, ती रिकाम्या हातानं बसली होती. पेटीतले कप्पे ती उगीच खालीवर करत राहिली.

"काय शोधतीस?" प्रयागबाई म्हणाल्या. "माझा हात तुला काय नवा हाय?"

वेळ काढायला म्हणून तिनं तो हात आपल्या हातात घेतला. बोटं मिटवली, अंगठा आत दाबला. आणि थबकली. हात तो नव्हताच. कांदे काढलेला, जनावरांचे दावे ओढलेला तो रुंद पंजा कधीच उतरला होता. कातडी सैल, हाडं बारीक, अंगठा नुसता दाबला तरी आत जात होता. दोन-दहा सोडा, दोन-आठसुद्धा खाली कोपरापर्यंत घसरली असती. यादीत बरोबर असतं आणि तिनं दोन-दहाच आणल्या असत्या, तरी चारचौघींत प्रयागबाईंच्या हातातून त्या गळून पडल्या असत्या. दोन-सहा. तिच्या बोटांनी सांगितलं, तिला आठवावं लागलं नाही. तिनं दोन-सहाच्या बांगड्या काढल्या आणि जपून, एकेक करून, तो म्हातारा हात भरला.

प्रयागबाईंनी हात वर करून बघितला. "बसल्या की गं बरोबर. पोरी आणत्यात त्या निस्त्या गळत्यात. मी म्हनलं आता काचच घालायला नको."

"मावशी, हात उतरलाय तुमचा," आमिनाभाभी म्हणाली. तिला त्या हाताची एवढी माया आली की तो लगेच सोडवेना.

पण प्रश्न संपला नव्हता. प्रयागबाईंच्या दोन लेकी, अंबाबाई आणि भागू, सासरहून आल्या होत्या, आणि त्यांचे हात अजून चांगले दोन-दहाचे होते. त्यांचे हात पुढे आले तेव्हा आमिनाभाभीनं खरं तेवढंच सांगितलं. "तुमचं माप आणायचं राहिलं. मोबाइलात लिवलं व्हतं, त्याच्यात घोळ झाला."

तिनं मान खाली घातली आणि वाट बघितली. पण अंगणात भलतंच झालं. अंबाबाई म्हणाली, मोबाइलचं नावच काढू नका, माझ्या भावाचा नंबर गिळला त्यानं. भागू म्हणाली, मला तर रोज विचारतंय तुमी मानूस हाय का यंत्र, आन चौकोनात शिग्नल दाबायला लावतंय. तिसरीच्या फोननं नातवाचे बारशाचे फोटो उडवले होते. बायका आपापली गाऱ्हाणी सांगू लागल्या, हसू लागल्या, आणि आमिनाभाभीला कुणी बोल लावला नाही. माणूस विसरलं तर लोकांच्या मनात राहतं, मोबाइल विसरला तर सगळ्यांनाच आपलं काहीतरी आठवतं. शेवटी प्रयागबाईंनी निकाल दिला, "हळद परवा हाय. उद्या घिऊन ये तू दोघींच्या. जेवायलाच ये."

आमिनाभाभी दिवेलागणीच्या आधी घरी आली. गाडीत तिला सुटल्यासारखं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. घोळ मोबाइलनं घातला नव्हता. मोबाइलला जे सांगितलं ते तिनंच सांगितलं होतं, आणि नेमकं काय चुकीचं सांगितलं ते तिला कळत नव्हतं. उद्या परत शिनोली. तिनं लॅपटॉप उचलला आणि आरफासमोर नेऊन ठेवला. आता लपवून चालणार नव्हतं.

"दोन-दहा लिवलं की दोन-एक दाखवतंय. बघ."

आरफानं बघितलं आणि हसली. "अम्मी, तू माप आकडा म्हणून दिलंस. आकड्यात टिंबानंतरचं शेवटचं शून्य बिनकामाचं असतं, म्हणून त्यानं टाकून दिलं. त्याच्या लेखी दोन पॉइंट दहा म्हणजे दोन पॉइंट एक. म्हणून ते दोन-दोनच्याही वर जाऊन बसलं."

"अगं पन धा आठापेक्षा मोठं."

"तुझे ते इंचाचे सोळावे भाग आहेत, त्याला काय माहीत? त्याला सांग, माप म्हणजे अक्षरं आहेत. जसं लिहिलंय तसंच ठेव, त्यात डोकं चालवू नकोस."

एवढं बोलून ती यादी वरपासून बघू लागली, अजून कुठे असलं काही आहे का ते पाहायला. मग तिचं हसणं थांबलं. तीनशेच्या वर नावं होती. राजुरी, शिनोली, कितीतरी गावं. काही नावांपुढे मापाची जागा रिकामी. आणि यादीच्या अगदी सुरुवातीला, सगळ्या गावांच्या आधी, एकच ओळ. जुन्नर. आरफा. २.४. मापापुढच्या जागेत लिहिलं होतं, डावा अंगठा कडक, हळू भरणे.

"ही यादी कशासाठी केलीस, अम्मी?"

आमिनाभाभी खाटेवर बसली. "मी विसरायला लागले. राजुरीपासून. तुझ्या अब्बाला म्हाईत न्हाई."

आरफानं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझं माप तर दुकानात कुणीही सांगेल," ती म्हणाली. "मग मला पहिली का लिहिलंस?"

"बाकीचे हात विसरले तर धंदा जाईल," आमिनाभाभी म्हणाली. "तुझा विसरले तर माझं काय राहिलं?"

आरफाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. आमिनाभाभीनंही तिला गप्प केलं नाही. मग आरफानं लॅपटॉप अम्मीच्या मांडीवर सरकवला. दुरुस्ती तिनं केली नाही, तूच कर म्हणाली. आमिनाभाभीनं एका बोटानं आकड्याच्या जागी अक्षरं केली. पडदा लाल झाला. तिनं लाल ओळ मोठ्यानं वाचली, चुकलेल्या जागी अवतरण चिन्हं घातली, आणि मापांचा लहानापासून मोठ्यापर्यंतचा क्रम स्वतःच लिहून दिला. हिरवा त्रिकोण दाबला, आणि शिनोलीच्या बेरजेत सगळ्यात खाली, दोन-आठच्याही खाली, २.१० येऊन बसलं. प्रयागबाईंचं माप तिनं खोडून २.६ केलं.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," आरफा म्हणाली. "एक दिवस सुट्टी टाकते. तू हात बघ, मी लिहीन. सारखे बघत राहू, म्हणजे मापं जुनी व्हायची नाहीत. आणि अब्बांना आज जेवताना सांगू या."

"त्यांना सांगितलं तर पेठभर व्हईल."

"होऊ दे."

आमिनाभाभीनं जरा विचार केला आणि मान हलवली. मग आरफानं डावा हात पुढे केला. "आधी माझा बघ. अजून तेवढाच आहे का."

यादी समोर उघडी होती. आमिनाभाभीनं लॅपटॉप बाजूला ठेवला, मुलीचा हात दोन्ही हातांत घेतला, बोटं मिटवली, अंगठा हळूच आत दाबला. जिथे कडक लागायचं तिथे तो लागला.

"दोन-चार," ती म्हणाली.

आरफानं आपल्या नावापुढे आजची तारीख लिहिली. लिहिताना तिला एकाच हातानं बटणं दाबावी लागली, कारण दुसरा अम्मीनं अजून सोडला नव्हता.